पोरांनी केलेल्या साबणाला पावसाळ्यात घाम का सुटतो आणि त्यावर काय करायचं

दर जुलै-ऑगस्टमध्ये मला ओळखीतल्या कुणा ना कुणा आईचा फोटो येतो, बशीत साबण, साबणावर थेंबच थेंब, आणि खाली प्रश्न, अगं हे असं का झालंय, काय चुकलं आमचं? यंदा एकाच आठवड्यात तिघींचे आले. प्रत्येकीला तेच तेच परत टाइप करत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते, म्हणजे ज्यांना पुढच्या वर्षी लागेल त्यांना पण सापडेल.

आधी कुठल्या साबणाबद्दल बोलतेय ते सांगते. सोप बेसचा तयार ठोकळा मिळतो, पांढरा नाहीतर पारदर्शक, तो कापायचा, वितळवायचा, रंग आणि वास घालायचा आणि साच्यात ओतायचा, एवढंच. कॉस्टिक सोडा आणि तेलापासून करतात तो वेगळा, तो पोरांबरोबर करायचा नाहीच, त्याचं खाली लिहिलंय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि सुट्टीत गल्लीतल्या पोरांना घरी गोळा करून हाताने काहीतरी करायला लावते, कागदाचं, मातीचं, कापडाचं, पण साबण म्हटलं की सगळ्यात जास्त पोरं येतात, कारण काही तासांतच हातात खरी वस्तू मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंघोळ पण करता येते.

पहिल्यांदा आम्ही साबण केले ते मे महिन्यात. कोल्हापुरातलं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. साबण दोन तासांत साच्यातून निघाले, ताटात उघडे ठेवले, चार दिवस तसेच पडून होते, एकालाही काही झालं नाही. म्हणून मग जुलैमध्ये गुरुपौर्णिमेला शाळेतल्या बाईंना द्यायला म्हणून पोरांनी परत करायचे ठरवले, तोच बेस, तेच साचे, तीच मी. तेव्हा बाहेर असा पाऊस लागलेला की चार दिवस कपडे वाळत नव्हते, पंचगंगेचं पाणी चढतंय म्हणून रोज बातम्या, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला. संध्याकाळी साबण छान निघाले, पोरं घरी घेऊन गेली, आणि सकाळी आठ वाजता शेजारची चौथीतली पोरगी दारात, हातात साबण, साबण चिंब ओला, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, "काकी, मी रात्रीपास्नं पुसतोय तरी परत पाणी येतंय, माझंच कायतरी चुकलंय व्हय?"

ते मला फार लागलं. तिने मनापासून केलेली वस्तू होती, बाईंना द्यायची होती, आणि तिला वाटत होतं की आपल्या हातूनच बिघडलं. म्हणून मग मी या घामाच्या मागेच लागले, आणि आज सगळ्यात आधी तेच सांगते, पोराचं काही चुकलेलं नसतं, तुमचं पण बहुतेक वेळा नसतं, आणि साबण खराब पण झालेला नसतो. ते पाणी साबणातून बाहेर येत नाही, हवेतून साबणावर येतं.

का येतं? या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया झाली की साबण तयार होतो आणि सोबत ग्लिसरीन पण तयार होतं. साबणाच्या मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बऱ्याचदा वेगळं काढून घेतात कारण त्याला औषधं, क्रीम वगैरेमध्ये चांगली मागणी असते, म्हणून दुकानातली साधी वडी पावसाळ्यात अशी थबथबत नाही. पण सोप बेस गरम केल्यावर वितळायला हवा, ओतल्यावर काचेसारखा दिसायला हवा, म्हणून त्यात ग्लिसरीन ठेवलेलं असतं, वरून आणखी घातलेलं असतं, शिवाय सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल असले पदार्थ असतात. आणि हे सगळे पाणी ओढणारे. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ कसं ओलं होतं, गुळाची ढेप कशी पाझरायला लागते, तसंच हे. ग्लिसरीन त्वचेला चांगलं का, तर ते ओलावा धरून ठेवतं म्हणून, आणि तोच गुण जुलैत कोल्हापूरच्या हवेत आपल्याला नडतो.

आता हे नुसतं सांगून पोरांना पटत नाही, मोठ्यांना पण पटत नाही, म्हणून आम्ही पुढच्या रविवारी एक प्रयोग केला आणि तो मी अजून दर वर्षी नव्या पोरांना करायला लावते, कारण साबण करण्यापेक्षा पोरं यात जास्त रमतात. एकाच भांड्यात बेस वितळवला आणि एकाच वेळी चार साबण ओतले, म्हणजे कुणी म्हणायला नको की याचा बेस वेगळा होता. निघाल्यावर चारही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलले आणि पोरांनी वहीत वजनं लिहून ठेवली. एक साबण ओट्यावर उघडा ठेवला. एक लगेच क्लिंग रॅपमध्ये, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ चिकट प्लास्टिकमध्ये, घट्ट गुंडाळला, हवा अजिबात न ठेवता. एक फ्रीजमध्ये ठेवला. आणि एक स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत नव्या चपलांच्या खोक्यातून आणि औषधाच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

दुसऱ्या दिवशी उघड्या साबणावर थेंब. गुंडाळलेला कोरडा. डब्यातला कोरडा. फ्रीजमधला आत असेपर्यंत बरा दिसत होता, पण बाहेर काढून पाच-दहा मिनिटं झाली नाहीत तोवर सगळ्यात जास्त ओला तोच झाला, थंड बाटली बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं तसं. आणि मग पोरांनी वजनं केली, तर उघड्या साबणाचं वजन वाढलेलं! ज्या पोरांना वाटत होतं की साबण आतून पाणी सोडतोय त्यांना तिथेच कळलं की आतून सुटलं असतं तर वजन वाढलं नसतं, बाहेरून आलंय म्हणूनच वाढलंय. पाचवीतला एक पोरगा तर त्या काट्यापासून हलेना, दर तासाला येऊन वजन करून जायचा. तुमच्याकडे डिजिटल काटा असेल तर हे नक्की करा, पोरांच्या चेहऱ्यावरची ती "हां, असं आहे व्हय" वाली खूण बघायला मिळते.

तर उपाय. साबण साच्यातून निघाला आणि पूर्ण गार झाला की त्याच वेळी गुंडाळायचा. संध्याकाळी बघू, उद्या पोरं आली की बघू, असं नाही. सगळ्यांची चूक इथेच होते, साबण छान दिसतात म्हणून आपण ताटात मांडून ठेवतो, फोटो काढतो, आजीला दाखवतो, आणि तेवढ्या वेळात हवेने आपलं काम केलेलं असतं. फोटो काढायचा असेल तर पटकन काढा आणि गुंडाळा. क्लिंग रॅप अंगाला चिकटून बसला पाहिजे, झिपच्या पिशवीत साबण टाकून पिशवीत हवा तशीच ठेवली तर उपयोग नाही कारण त्या हवेत पण ओलावा असतोच. कोमट साबण पण गुंडाळू नका, आतल्या आत वाफ धरते आणि मग वाटतं की गुंडाळून पण घाम आला. पावसाळ्यात आम्ही सकाळी ओततो, दुपारी काढतो आणि पोरं घरी जायच्या आधी स्वतःच्या हाताने गुंडाळूनच जातात, वरून रंगीत कागद, सुतळी, नावाची चिठ्ठी. भेट द्यायची असेल तर कागदाच्या आत तो रॅप असूच दे, नुसत्या कागदात दिलेला साबण दोन दिवसांत कागदाला चिकटतो.

फ्रीजबद्दल वेगळं सांगते कारण बऱ्याच व्हिडिओत लवकर सेट व्हायला फ्रीजमध्ये ठेवा म्हणून सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात अजिबात ठेवू नका. साच्यातून निघत नसेल तर फार तर दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पुसून पंख्याखाली घराच्या तापमानाला येऊ दे, मगच गुंडाळा. उन्हात ठेवून वाळवायचा प्रयत्न पण मी केलाय, साबण मऊ पडून बसला. वरून टाल्कम पावडर लावून बघितली, तर घामात पावडर कालवून पांढरे डाग पडले.

ज्यांच्याकडे आत्ता ओला साबण हातात आहे त्यांच्यासाठी, मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका, पंख्याखाली थोडा वेळ ठेवा आणि गुंडाळा. तो साबण वापरायला शंभर टक्के चांगला आहे. गुंडाळायचं नसेल तर उद्या सकाळी अंघोळीलाच घ्या.

पण एक आधी तपासा, की ते खरंच पाणी आहे का. कारण प्रत्येक ओलसर साबण म्हणजे घाम नव्हे. थेंब बोटावर घेऊन वाटीभर पाण्यात बोट बुडवा, गुपचूप मिसळून गेलं तर घाम. पाण्यावर तेलकट तवंग आला, बोट तुपकट लागलं, वास भपकन आला, तर साबणात सुगंधी तेल नाहीतर खोबरेल, बदाम तेल जास्त झालंय आणि ते बाहेर पडतंय, त्याला गुंडाळून काही होणार नाही. पोरांना वास आवडतो म्हणून ती बाटली हातात मिळाली की थांबत नाहीत, म्हणून बाटली मोठ्यांच्या हातात. अर्धा किलो बेसला एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 1 टक्का, यापुढे पोरांच्या साबणाला जायचंच नाही, आणि लहान भावंडं वापरणार असतील तर बिनवासाचाच करा. खोबरेल वगैरे घालायची काहीच गरज नसते, बेसमध्ये जे पाहिजे ते असतं, जास्तीचं तेल घातलं की फेस मात्र कमी होतो. आणि साबण वरून ओला नाही पण आख्खाच मऊ, दाबला की दबतोय, असं असेल तर आत पाणी गेलंय. डबल बॉयलरमध्ये, म्हणजे पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवताना खालच्या पातेल्यातलं पाणी उसळून वरच्या भांड्यात जातं, नाहीतर झाकणाची वाफ आत गळते, नाहीतर कुणीतरी रंग पाण्यात कालवून घातलेला असतो. रंग कालवायचाच असेल तर चमचाभर वितळलेल्या बेसमध्येच कालवा.

आता घाम वाढवणाऱ्या दोन गोष्टी, ज्या आपल्या हातात आहेत.

एक म्हणजे बेस उकळणे. बेस वितळायला साधारण 60 अंशाच्या आसपास तापमान पुरतं, उकळी फुटायची गरजच नाही. पण पोरं घाईत असतात, आपण पण गॅस मोठा करतो, आणि बेस बुडबुडायला लागला की त्यातलं पाणी उडून जातं, मागे ग्लिसरीनचं प्रमाण वाढतं, बेस दाटसर आणि पिवळट होतो, नीट ओतला जात नाही, साबण रबरासारखा चिवट निघतो. तुकडे लहान करा, एकसारखे करा, पोरांना हेच काम द्या, पोळी कापायच्या कातणाने नाहीतर बिनधारेच्या सुरीने बेस आरामात कापला जातो. गॅस बारीक, वर झाकण, आणि तीन चतुर्थांश वितळला की गॅस बंद करून राहिलेले तुकडे त्याच उष्णतेत हळूहळू ढवळत विरघळवा. मायक्रोवेव्ह असेल तर एकदम दोन मिनिटं लावू नका, 15-20 सेकंद लावा, ढवळा, परत लावा. गरम बेस पोरांच्या हातात द्यायचा नाही, तो तेलासारखा कातडीला चिकटतो आणि भाजतो, ओतायचं काम मोठ्यांनी करायचं किंवा जरा निवल्यावर चोच असलेल्या छोट्या मापात घेऊन आपला हात धरून करू द्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे गूळ आणि मध. आता कोल्हापुरात राहून पोरांच्या डोक्यात गुळाचा साबण येणार नाही असं होईल का, आमच्याकडे एकाच्या घरचं गुऱ्हाळ आहे, तो हौसेने गुळाची काकवी घेऊन आला. घातली. साखर, गूळ, मध यांनी साबणाला फेस चांगला येतो हे खरंय, पण हे तिन्ही पाणी ओढणारे आहेत, आणि त्या दिवसाच्या सगळ्या साबणांत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पाझरला तो काकवीचाच. पोराला मी नाही म्हटलं नाही आणि तुम्ही पण म्हणू नका, फक्त ते काम डिसेंबर-जानेवारीत करा, गुऱ्हाळं पण तेव्हाच चालू असतात आणि हवा कोरडी असते. प्रमाण अर्धा किलोला चहाचा एक चमचा, त्याच्या वर नाही. पावसाळ्यात नकोच.

बेस विकत घेताना काही ठिकाणी लो स्वेट, म्हणजे कमी घाम येणारा, बेस म्हणून मिळतो. तो मी वापरलाय, फरक पडतो, पण पूर्ण बंद होत नाही, गुंडाळावं लागतंच. पारदर्शकपेक्षा पांढऱ्या बेसवर थेंब कमी दिसतात, तेवढाच काय तो फायदा, घाम त्याला पण येतो. पांढऱ्यात रंग फिका येतो हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लाल पाहिजे होता आणि गुलाबी झाला म्हणून रडारड होते.

घामाचं एवढंच. बाकीच्या ज्या तक्रारी येतात त्या पण लिहिते.

दोन रंगांचे थर सुटून येतात, ही दुसऱ्या नंबरची. पहिला थर एकदम कडक आणि गुळगुळीत झाल्यावर वर दुसरा ओतला की ते दोघं एकमेकांना धरत नाहीत. बोट हलकं टेकवलं तर वर साय धरलेली लागली पाहिजे, बोटाने दबली पाहिजे पण फुटायला नको, तेव्हा दुसरा थर ओतायचा, आणि तो पण गरम असावा पण चटका बसेल एवढा नाही, 50-55 अंश म्हणा. फार गरम ओतला तर खालचा वितळून रंग एकत्र होतात. उशीर झालाच असेल तर काट्याच्या चमच्याने खालच्या थरावर रेघा मारून घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रेने उडवा, मेडिकलमध्ये मिळतं. हे ज्वलनशील आहे, म्हणून गॅस बंद करून, दुसऱ्या खोलीत, आणि स्प्रे मोठ्यांच्याच हातात. वरचे बुडबुडे पण याच स्प्रेने लगेच फुटतात. अर्थात बुडबुडे मुळात येतात ते पोरं बेस ताक घुसळल्यासारखा ढवळतात म्हणून, त्यांना सांगा की चमचा बुडाला टेकवूनच हळू फिरवायचा, वर काढायचा नाही.

हळद घातली आणि साबण लाल झाला, हा प्रश्न तर दर वर्षी. इकडे सांगलीची हळद हाताशी असते त्यामुळे पहिला प्रयोग हळदीचाच होतो. हळद खराब नाही आणि भेसळ पण नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, गेलं की पिवळ्याचं लालसर होतं, आणि साबण अल्कलीच असतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी लहानपणी घरी कुंकू केलेलं होतं, त्यांनी पोरांना बशीत हळद आणि खायचा चुना कालवून दाखवलं, पोरं थक्क. (चुना पोरांच्या हातात द्यायचा नाही, बघायला फक्त.) म्हणजे पिवळा साबण पाहिजे असेल तर हळदीच्या भरवशावर राहू नका, साबणाला चालणारा कॉस्मेटिकचा रंग घ्या, आणि हळदीचा केशरी-तांबूस रंग आवडत असेल तर अर्धा किलोला पाव चमच्यापेक्षा कमी घाला, जास्त झाली की टॉवेल रंगतात. रांगोळीचे रंग, होळीचे रंग, वॉटर कलर कुणीही घालू नका, ते अंगाला लावायचे नसतात. खायचे रंग चालतात पण ते साबणात फिरतात, दोन रंगांची सीमा दोन दिवसांत पुसट होते आणि उजेडात उडतात पण. मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची चमकदार रंगीत पूड, एका जागी राहते.

ताजं काहीही घालायचं नाही, हे मात्र कडकपणे सांगते. दूध, दही, काकडीचा रस, संत्र्याचा रस, कडुनिंबाचा ओला पाला, गुलाबाच्या ताज्या पाकळ्या. एका पोराचे आजोबा गंगावेशच्या कट्ट्यावरून ताजं म्हशीचं दूध घेऊन आलेले, नातवाच्या साबणाला घालायला, इतक्या प्रेमाने आणलेलं की मला नाही म्हणवेना, आणि आठवड्याने त्या साबणाला आंबूस वास सुटला, पोराला टाकून द्यावा लागला. या बेसमध्ये ताजं दूध टिकत नाही. दूध पावडर अगदी चिमूटभर चालते. पाकळ्या तपकिरी पडतात, ओला पाला आधी काळा पडतो मग बुरसतो. वाळवून बारीक केलेली कडुनिंबाची पूड, संत्र्याच्या सालीची पूड, मुलतानी माती, चंदन पूड हे चालतं. पूड खाली बसते म्हणून तक्रार येते, तर ती आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवायची, गुठळ्या मोडायच्या, आणि बेस थोडा दाटायला लागल्यावर घालून ओतायचा, अगदी पातळ असताना घातली तर तळाशीच जाणार. उटण्याचा साबण दिवाळीला आम्ही असाच करतो, तेव्हा पाऊस परतलेला असतो आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पोरं स्वतःच्या साबणाने अंघोळ करायला न उठवता उठतात, आयांना विचारा.

साच्यांचं थोडक्यात. सिलिकॉनचा सगळ्यात सोपा, उलटा करून मागून दाबला की साबण निघतो. गणपतीच्या आधी महाद्वार रोडला मोदकाचे प्लास्टिकचे साचे मिळतात, त्यात फार सुंदर साबण होतात, पण दोन गोष्टी. तो साचा परत स्वयंपाकात वापरायचा नाही, त्यावर मार्करने साबण असं लिहूनच ठेवा. आणि मोदकासारखा दिसणारा, गोड वासाचा साबण घरात रांगतं बाळ असेल तर करू नका, ते तोंडात घालणारच. घट्ट बसलेला साबण काढायला सुरी खुपसू नका, साचा कोमट पाण्यात बाहेरून अर्धा मिनिट धरा. व्हॅनिलाचा वास घातलेला पांढरा साबण काही दिवसांनी तपकिरी पडतो, त्यात पण घाबरायचं काही नाही, व्हॅनिलिनमुळे होतं ते, कॉफीचा साबण म्हणून खपवता येतो पोरांना.

आणि कॉस्टिक सोड्याचं. दर वर्षी कुणीतरी विचारतं की बेस म्हणजे तयारच झालं, खरा साबण तेलापासून करू की पोरांबरोबर. नको. कॉस्टिक सोडा पाण्यात घातला की मिश्रण आपोआप प्रचंड तापतं, वाफ नाकाला झोंबते, एक थेंब कातडी जाळतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर घालायचाच नाही, तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो, आणि आपल्या बहुतेक घरांत जुनी पातेली ॲल्युमिनियमचीच असतात. शिवाय तो साबण चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो, पोरांचा तेवढा धीर कुठला. पोरांना ती क्रिया समजावून सांगायची असेल तर कागदावर सांगा. करून बघायची इच्छा तुमची स्वतःची असेल तर पोरं शाळेत असताना, गॉगल आणि ग्लोव्हज घालून, नीट शिकून करा, आणि सोडा नेहमी पाण्यात घाला, सोड्यावर पाणी कधी ओतू नका.

राहिला प्रश्न खूपच थबथबलेल्या, चिकट झालेल्या, कागद चिकटलेल्या साबणांचा. टाकू नका. कागद ओल्या कापडाने सोडवा, पुसा, एक रात्र सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा, मग बारीक तुकडे करून परत बारीक गॅसवर वितळवा आणि ओता. या बेसचं हे फार चांगलं आहे, एक-दोनदा परत वितळवला तरी चालतो. रंग सगळे एकत्र होऊन मातकट येतो म्हणून त्यात थोडी मुलतानी माती घालतो आम्ही, मग तो रंग मुद्दाम केल्यासारखा दिसतो. त्या चौथीतल्या पोरीचा साबण आम्ही असाच परत केला होता, तिने साचा स्वतः निवडला, या वेळी गार झाल्या झाल्या रॅप लावला, वर पिवळा कागद, आणि गुरुपौर्णिमा होऊन दोन दिवस गेलेले तरी बाईंना नेऊन दिला.